आभाळ स्वच्छ होतं, मग विमान का रद्द झालं?

या वेळी टपालात एकाच विषयावरची पत्रं इतकी आली की सामानाचं वजन आणि खिडकीची जागा हे आपले नेहमीचे प्रश्न बाजूला ठेवावे लागले. इथिओपियातल्या हायली गुब्बी या ज्वालामुखीचा २३ नोव्हेंबर २०२५ रोजी उद्रेक झाला. त्याची राख लाल समुद्र, येमेन, ओमान असं करत दुसऱ्या दिवशी गुजरात-राजस्थानकडून भारतावर आली आणि आखाताकडे जाणाऱ्या बऱ्याच लोकांचे बेत कोलमडले. त्या निमित्तानं जुन्या अडचणींचीही पत्रं आली आहेत.

हे सदर नव्यानं वाचणाऱ्यांसाठी सांगते, मी मुंबई विमानतळावर फ्लाइट डिस्पॅचर होते. विमान कोणत्या वाटेनं, किती उंचीवरून, किती इंधन घेऊन जाणार याचा आराखडा डिस्पॅचर करतो आणि त्यावर कॅप्टनच्या सहीबरोबर त्याचीही सही असते. आता निवृत्त होऊन पार्ल्यात असते.

खेडहून एक वाचक लिहितात: ताई, अम्मीला आणि खालाला घेऊन २४ नोव्हेंबरला मुंबईहून जेद्दाला उमराहसाठी निघायचं होतं. खेडहून आदल्या रात्री गाडी करून आलो. विमानतळावर कळलं, उड्डाण रद्द, आफ्रिकेत ज्वालामुखी फुटलाय. वर बघितलं तर आभाळ स्वच्छ. दुसऱ्या एका कंपनीचं दुबईचं विमान आमच्या डोळ्यांदेखत सुटलं. खुर्च्या रिकाम्या राहिल्या की कंपन्या अशी निमित्तं काढतात, असं आमचा गाडीवाला म्हणत होता. खरं का?

उत्तर: गाडीवाल्याला माझा नमस्कार सांगा. कंपन्या निमित्तं काढत नाहीत असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण या वेळी ते निमित्त नव्हतं.

मुलांचा नकाशा घेऊन मुंबईपासून जेद्दापर्यंत बोट फिरवा. अरबी समुद्र, ओमान, मग सौदीचं वाळवंट. आता इथिओपियाच्या अफार भागातून निघून ईशान्येला येणाऱ्या राखेची वाट बघा. दोन्ही रेघा एकमेकींना आडव्या जातात. राख सुमारे १४ किलोमीटर उंच गेली होती आणि प्रवासी विमानं साधारण १० ते १२ किलोमीटरवरून उडतात. म्हणजे वाटही तीच आणि थरही तोच. तुम्ही मुंबईत मान वर करून पाहिलंत, पण डिस्पॅचरला मस्कतच्या वरचं, पुढच्या सहा तासांनंतरचं आभाळ बघावं लागतं.

दुबईचं विमान सुटलं, कारण दुबईची वाट उत्तरेकडची आणि त्याची वेळ वेगळी. शिवाय एक गोष्ट प्रवाशांच्या लक्षात येत नाही. तुम्हाला जेद्दाला सोडणारं विमान तिथे राहत नाही, तास-दीड तासात तेच परत फिरतं. जाताना वाट मोकळी असली तरी येताना असेल का, वाटेत उतरायची वेळ आली तर कोणता विमानतळ राखेबाहेर आहे, लांबचा वळसा घेतला तर टाकीत तेवढं इंधन मावतं का, या सगळ्याला 'हो' म्हणता आलं तरच सही करायची. खुर्च्यांमधून चालायच्या दोन वाटा असलेल्या मोठ्या विमानाला वळसा परवडतो. एकच वाट असलेल्या लहान विमानाला कधी कधी नाही परवडत. म्हणून एकाच रात्री एक कंपनी उडते आणि दुसरी नाही.

त्या दोन दिवसांत एअर इंडियानं ११ उड्डाणं रद्द केली. त्यांचं कारण आणखी वेगळं होतं. उद्रेकानंतर त्या भागावरून जाऊन आलेली विमानं त्यांनी तपासणीसाठी उभी केली. इंजिनाच्या पोटात बोरस्कोप नावाची कॅमेऱ्याची नळी घालून आतली पाती बघतात. ही तपासणी होईपर्यंत त्या विमानाचं पुढचं उड्डाणही जातं, मग ते कोलकत्याला का जाणारं असेना.

पैशांचं म्हणाल तर रद्द झालेल्या तिकिटाचे पूर्ण पैसे किंवा दुसऱ्या तारखेचं विमान, यापैकी जे हवं ते मागायचा तुम्हाला हक्क आहे. वर नुकसानभरपाई मिळणार नाही, कारण ज्वालामुखी कंपनीच्या हातातला नाही. मक्केतल्या हॉटेलचे पैसे ही तुमच्या उमराहवाल्याशी बोलायची बाब. त्याला दाखवायला उड्डाण रद्द झाल्याचा कंपनीचा संदेश जपून ठेवा.

नाशिकहून नववीतली एक विद्यार्थिनी विचारते: विमानात रडार असतं, मग राखेचा ढग पायलटना दिसत का नाही? आणि राख इंजिनात गेली तर मागून निघून का जात नाही? पक्षी गेला तर इंजिन खराब होतं हे समजतं, पण राख तर हलकी असते.

उत्तर: तुझा प्रश्न वाचून मी खुर्चीत सरसावून बसले बघ.

विमानाच्या नाकात असतं ते हवामानाचं रडार. पाण्याचे थेंब, गारा यांच्यावरून परत आलेल्या लहरी ते पकडतं. ज्वालामुखीच्या राखेचे कण इतके बारीक आणि कोरडे असतात की रडारला ते लागतच नाहीत. रात्री डोळ्यांनाही काही दिसत नाही. ती राख म्हणजे काही जळून उरलेलं नसतं. खडक, खनिजं आणि काच यांचा तो भुगा असतो, कडा धारदार, आणि पाण्यात न विरघळणारा.

आता इंजिन. ते समोरून हवा ओढतं, दाबतं, त्यात इंधन जाळतं आणि तापलेला वायू मागे फेकतं. राखेतली काच साधारण ११०० अंश सेल्सिअसला वितळते. पूर्ण वेगात उडताना इंजिनाच्या आत तापमान १४०० अंशांच्या वर असतं. म्हणजे राख आत गेली की वितळते, आणि पुढच्या जरा थंड पात्यांवर जाऊन चिकटते. तिथे ती घट्ट होते. पात्यांना गार ठेवण्यासाठी सुईच्या टोकाएवढी भोकं असतात, तीही बुजतात. हवेची वाट अडली की इंजिन गुदमरून बंद पडतं. मागून निघून जायला ती कोरडी राहिली तर पाहिजे ना!

हे सगळं लोकांना कळलं ते एका विमानामुळे, आणि ते विमान आपल्या मुंबईवरून गेलेलं होतं. ब्रिटिश एअरवेजचं ९ क्रमांकाचं उड्डाण, बोइंग ७४७, लंडनहून निघून मुंबई, मद्रास, क्वालालंपूर असं थांबत ऑस्ट्रेलिया आणि पुढे न्यूझीलंडला जाणारं. २४ जून १९८२ च्या रात्री ते जावा बेटाच्या दक्षिणेला ३७,००० फुटांवर होतं. विमानात २४८ प्रवासी आणि १५ कर्मचारी. रडारवर काहीच नाही. आधी समोरच्या काचेवर निळसर-पांढऱ्या ठिणग्या नाचायला लागल्या. मग केबिनमध्ये धूर आणि गंधकाचा वास. मग चौथं इंजिन बंद. पाठोपाठ दुसरं. आणि लगेच उरलेली दोन्ही.

कॅप्टन एरिक मूडी यांनी प्रवाशांना माइकवरून सांगितलं की एक छोटीशी अडचण आली आहे, चारही इंजिनं बंद पडली आहेत, ती सुरू करायचा आम्ही आटोकाट प्रयत्न करतो आहोत, तुम्ही फार काळजीत नसाल अशी आशा आहे. ही घोषणा विमानवाल्यांना तोंडपाठ आहे. विमान तरंगत खाली येत राहिलं. जाकार्ताच्या वाटेवर डोंगर आहेत, फार खाली जाऊन चालणार नव्हतं. साधारण साडेतेरा हजार फुटांवर एक इंजिन पेटलं, मग बाकीची. गंमत अशी की इंजिन बंद पडल्यामुळेच ती वाचली. आतली काच थंड होऊन तडकली आणि खळकन निघून गेली. जाकार्ताला उतरताना समोरची काच राखेनं घासून पार दुधाळ झाली होती, कडेच्या उरल्यासुरल्या पट्टीतून बघत त्यांनी विमान उतरवलं. सगळे सुखरूप. खाली जावामध्ये गालुंगगुंग ज्वालामुखी धुमसत होता, हे त्यांना नंतर कळलं.

१५ डिसेंबर १९८९ ला अलास्कात केएलएमच्या ७४७ ची हीच गत झाली, रिडाउट ज्वालामुखीच्या राखेत चारही इंजिनं गेली, खाली येता येता पुन्हा सुरू झाली. तेव्हापासून पायलटला शिकवतात की राखेत सापडलास तर वर चढायच्या भानगडीत पडू नकोस. इंजिनाची ताकद कमी कर म्हणजे आतलं तापमान उतरेल, आणि आल्या वाटेनं मागे वळ. घाबरलेला माणूस नेमकं याच्या उलट करतो, म्हणून ते सरावानं अंगी बाणवावं लागतं.

राख शोधायचं काम आता उपग्रह करतात. जगात नऊ केंद्रं त्यासाठी डोळ्यात तेल घालून बसलेली असतात: लंडन, तुलूझ, डार्विन, टोकियो, अँकरेज, वॉशिंग्टन, माँट्रियल, वेलिंग्टन आणि ब्युनोस आयर्स. नोव्हेंबरची राख तुलूझनं पाहिली. इंडोनेशिया डार्विनकडे. दर सहा तासांनी ते राख कुठे आहे आणि पुढच्या सहा, बारा, अठरा तासांत कुठे असेल याचा नकाशा पाठवतात.

डोंबिवलीहून एक निवृत्त अभियंता लिहितात: २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीनं युरोप जवळजवळ आठवडाभर ठप्प केला होता. आता मोठे उद्रेक होऊनही थोडीच उड्डाणं रद्द होतात. म्हणजे तेव्हा घाबरून अति केलं, की आता धोका पत्करतात?

उत्तर: काका, दोन्ही नाही. पण मधल्या काळात काय बदललं ते सांगण्यासारखं आहे.

एयाफ्यात्लायोकुत्ल (या नावावर आमच्या खोलीत पैजा लागायच्या, शेवटी सगळे त्याला 'ई-फिफ्टीन' म्हणायला लागले, कारण ई नंतर पंधरा अक्षरं) १४ एप्रिल २०१० ला बर्फाच्या थराखाली फुटला. वितळलेलं बर्फाचं पाणी तप्त लाव्ह्यावर पडलं की त्याच्या ठिकऱ्या उडतात आणि राख विलक्षण बारीक होते. त्यात वारा नेमका ब्रिटन आणि युरोपच्या दिशेला. १५ तारखेपासून एकेक देशानं आपलं आकाश बंद केलं. मोकळं व्हायला लागेपर्यंत सुमारे १ लाख उड्डाणं रद्द झाली होती आणि १ कोटीच्या आसपास प्रवासी अडकले होते.

तेव्हाचा नियम एका ओळीचा होता: राख असेल तिथे उडायचं नाही. किती राख चालेल, हे इंजिन बनवणाऱ्या कुणीच आकड्यात लिहून दिलेलं नव्हतं. अलास्कात किंवा इंडोनेशियात हा नियम चालून जायचा, तिथे वळसा घ्यायला समुद्र पडलाय. लंडन, पॅरिस, फ्रँकफर्ट यांच्याच डोक्यावर राख आल्यावर वळसा घालणार कुठून? २० एप्रिलला ब्रिटननं आकडा ठरवला. एका घनमीटर हवेत २ मिलिग्रॅमपर्यंत राख असेल तर तपासण्या वाढवून उडता येईल. मग पटापट आकाश उघडलं. पुढच्याच वर्षी, मे २०११ मध्ये आइसलँडचाच ग्रिम्सवोत्न फुटला. तो उद्रेक मोठा होता, पण रद्द झालेली उड्डाणं नऊशेच्या आसपास.

मग २०१० ची बंदी चुकली का? माझं मत, नाही. कोपनहेगन आणि आइसलँडमधल्या शास्त्रज्ञांनी त्या राखेचे कण नंतर तपासले. ते कण पाण्यात आठवडे-दोन आठवडे घुसळूनही बोथट होत नव्हते. आकडाच हाती नसताना माणसं भरलेलं विमान त्यातून न्यायला मी तरी सही केली नसती.

माझी तक्रार वेगळी आहे. आकाश बंद करताना जी तत्परता दिसली ती लोकांना माहिती देताना कुठे गेली होती? मी त्या आठवड्यात रात्रपाळीला होते. लंडनचा नकाशा आला की तो भिंतीवर टाचायचा, खालच्या थराची लाल रेघ, वरच्या थराची हिरवी, आणि मग टर्मिनलवरून फोन: "मॅडम, लोकांना काय सांगू?" सांगायला दर सहा तासांनी एकच वाक्य असायचं. कार्गोत तर बघवत नव्हतं. एप्रिल म्हणजे ऐन हंगाम, लंडनला निघालेल्या हापूसच्या पेट्या शेडमध्ये थप्पी लावून ठेवलेल्या. पहिल्या दिवशी वास आला तेव्हा पोरं खूश होती. मग तो वास बदलत गेला. निर्यातवाले येऊन पेटी उघडायचे, अंगठ्यानं देठाजवळ दाबून बघायचे आणि काही न बोलता झाकण लावायचे. त्याच दिवसांत केनियातल्या शेतकऱ्यांची युरोपला जाणारी फुलं आणि भाजी नैरोबीत कुजली. त्यांच्याकडे राख आलीच नव्हती.

आणि आकाश उघडलं म्हणजे गाडं रुळावर आलं असंही नसतं. लोक विचारतात, राख गेली मग मला तीन दिवसांनंतरची जागा का? उत्तर साधं आहे. आजच्या विमानातली खुर्ची आजचं तिकीट असलेल्याची. अडकलेल्यांना फक्त उरलेल्या खुर्च्या मिळतात, आणि गर्दीच्या दिवसांत त्या असतात किती? वर विमान अडकून पडलेलं फ्रँकफर्टला, त्याचे पायलट अमेरिकेत नेवार्कला, आणि त्यांच्या कामाच्या तासांची मर्यादा संपत आलेली. ते मोडून उडवा असं कुणी म्हटलंच तर त्या विमानात तुम्ही बसू नका.

ठाण्याहून एक वाचक भगिनी लिहितात: मुलीच्या बाळंतपणासाठी फेब्रुवारीत जर्मनीला, श्टुटगार्टला जाते आहे. ८५ दिवसांचं राहणं आहे. परतताना असं काही झालं आणि व्हिसा संपला तर? वयाच्या साठाव्या वर्षी मला बेकायदा ठरायचं नाही! आणि तिकीट कुठल्या कंपनीचं घेऊ?

उत्तर: ठरणार नाही, ताई. शेंगेन व्हिसाच्या (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) नियमावलीत ३३ वं कलम अशाच प्रसंगासाठी आहे. तुमच्या हाताबाहेरच्या कारणानं निघता आलं नाही तर व्हिसा वाढवून मिळतो आणि त्याचं शुल्क घेत नाहीत. अट एवढीच की व्हिसा संपायच्या आत तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जायचं आणि उड्डाण रद्द झाल्याचा कागद दाखवायचा. 'विमान सुटेल तेव्हा बघू' म्हणून घरी बसायचं नाही. व्हिसासाठी काढलेला ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमाही त्याच तारखेला संपत असतो, तो जावयांना आठवणीनं वाढवायला सांगा.

कंपनीचं म्हणाल तर हे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून नीट वाचा. युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम आहे. युरोपातून निघणाऱ्या प्रत्येक विमानाला तो लागू आहे, मग कंपनी कुठलीही असो. युरोपात येणाऱ्या विमानाला मात्र कंपनी युरोपीय असेल तरच. म्हणजे तुम्ही आखाती कंपनीनं दुबईमार्गे गेलात तर जाताना या नियमाचं छत्र नाही, येताना आहे. जर्मन कंपनीनं गेलात तर दोन्ही वेळा आहे.

त्यात मिळतं काय? राखेमुळे विमान रद्द झालं तर रोख भरपाई नाही. पण अडकून पडाल तोवर जेवण, हॉटेल, हॉटेलपर्यंतची ने-आण कंपनीकडे. किती दिवस? २०१० च्या राखेत अडकलेल्या एका प्रवासी बाईंना एका कंपनीनं हाच प्रश्न विचारून वाटेला लावलं होतं, हे संकट नेहमीच्या अपवादांहूनही मोठं आहे म्हणून. त्या कोर्टात गेल्या. युरोपीय न्यायालयानं जानेवारी २०१३ मध्ये सांगितलं की कितीही मोठं संकट असो, प्रवाशाची काळजी घ्यायची जबाबदारी संपत नाही, तिला दिवसांची किंवा पैशांची मर्यादा नाही. फक्त खर्च वाजवी हवा. कौंटरवर कुणी हात झटकले तर स्वतः साधं हॉटेल घ्या, पावत्या ठेवा आणि नंतर मागा.

डिंकाचे लाडू मोठ्या बॅगेत जाऊ द्यात. बीपीच्या गोळ्या मात्र हातातल्या पर्समध्ये, परतीच्या तारखेनंतर आणखी दोन आठवडे पुरतील इतक्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. जर्मनीत चिठ्ठीशिवाय ही गोळी मिळत नाही.

कोथरूडहून एक जोडपं लिहितं: जून २०२५ मध्ये बालीत होतो. लेवोटोबी ज्वालामुखीमुळे परतीचं विमान रद्द झालं. कंपनी चार दिवसांनंतरची जागा देत होती. आम्हाला ऑफिस गाठायचं होतं म्हणून क्वालालंपूरमार्गे स्वतः तिकीट काढून आलो. नवीन तिकिटाचे आणि दोन रात्रींच्या हॉटेलचे पैसे कोण देणार? मूळ तिकिटाचे पैसेही अडकले आहेत. एजंट म्हणतो कंपनीकडून आले की देतो, कंपनी म्हणते एजंटला विचारा.

उत्तर: लेवोटोबी बालीपासून सुमारे ८०० किलोमीटरवर, फ्लोरेस बेटावर आहे. तुम्हाला धूरसुद्धा दिसला नसेल. १७ जूनला त्याची राख १० किलोमीटरच्या वर गेली आणि दुसऱ्या दिवशी दिल्लीहून बालीला निघालेलं एअर इंडियाचं विमान अर्ध्या वाटेतून परत फिरलं होतं.

तुमच्या पत्रात एक गोष्ट लिहिलेली नाही, आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खातं. तिकीट रद्द कुणी केलं, कंपनीनं की तुम्ही? विमान रद्द होणार असं कानावर आलं की घाईनं ॲपमधलं 'कॅन्सल' दाबणारे पुष्कळ असतात. तुम्ही दाबलंत की तो तुमचा निर्णय होतो आणि कंपनी रद्द करण्याचं शुल्क कापून घेते. कंपनीचा रद्द झाल्याचा संदेश येईपर्यंत बोट आवरा. तो आला असेल तर परतीच्या टप्प्याचे पूर्ण पैसे तुमचे.

एजंट आणि कंपनी या टोलवाटोलवीला आपल्याकडच्या नागरी विमान महासंचालनालयाचं उत्तर स्पष्ट आहे. एजंट हा कंपनीचाच प्रतिनिधी, त्यामुळे पैसे परत देण्याची जबाबदारी कंपनीची. कंपनीला ईमेल करा, त्यात हे वाक्य घाला, आणि दाद लागली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवा. कंपनी परदेशी असेल तर परताव्याला तिच्या देशाचे नियम लागतात, तेव्हा आधी ते बघा.

नवीन तिकिटाचे पैसे मात्र कंपनी देईल याची आशा धरू नका. तिनं पर्यायी जागा देऊ केली होती, तुम्ही नाकारलीत. हॉटेलचंही अवघड आहे. असामान्य परिस्थितीत भरपाईतून आपले नियम कंपनीला सूट देतात आणि बालीला युरोपचा कायदा लागू नाही. उरतो विमा. पॉलिसीत 'प्रवासाला विलंब' आणि 'प्रवासात खंड' ही दोन कलमं काढून वाचा. विमा कधी काढला हेही महत्त्वाचं. उद्रेकाची बातमी आल्यानंतर काढलेल्या विम्याला कंपन्या 'हे आधीच माहीत होतं' म्हणून पानं पुसतात. म्हणून तिकिटाबरोबरच विमा घ्यावा, निघायच्या आदल्या संध्याकाळी नव्हे.

आणि ऑफिससाठी क्वालालंपूरमार्गे यायचंच होतं तर आधी कंपनीला एकदा विचारायचं होतं, 'तुमच्या भागीदार कंपनीच्या विमानात घालता का?' पुष्कळदा घालतात. कुणी मागत नाही म्हणून देत नाहीत. पुढच्या वेळी.

कोल्हापूरहून एक वाचक: ही राख आपल्या पिकांवर पडली का? आणि आपल्याकडे कधी ज्वालामुखी फुटणार आहे का?

उत्तर: राख फार उंचावरून गेली आणि २५ नोव्हेंबरच्या संध्याकाळपर्यंत चीनकडे सरकली. ऊस सुरक्षित आहे. धूळ बसलीच असेल तर ती रस्त्याच्या कामाची. भारताचा जागता ज्वालामुखी अंदमानात आहे, श्रीविजयपुरमपासून (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) सुमारे १४० किलोमीटरवर, बॅरन बेट. तिथे वस्ती नाही. १९९१ मध्ये तो दीड शतकाहून जास्त काळानं जागा झाला आणि त्यानंतरही अधूनमधून धुमसतो. पन्हाळ्याचा काळा दगडसुद्धा लाव्ह्याचाच, पण त्याला साडेसहा कोटी वर्षं झाली.

छत्रपती संभाजीनगरहून एक वाचक: मार्चमध्ये लग्न आहे, लगेच बालीला जायचा विचार आहे. हे सगळं ऐकून आई नको म्हणते. काढू का तिकीट?

उत्तर: काढा. आजवर राखेमुळे एकही प्रवासी विमान कोसळलेलं नाही आणि त्याचं कारण हेच की विमानं वेळेवर रद्द होतात. आईंना हे वाचून दाखवा. जाणं-येणं एकाच तिकिटावर घ्या. दोन स्वतंत्र तिकिटं स्वस्त पडतात, पण पहिलं विमान चुकलं की दुसरी कंपनी तुम्हाला ओळखही दाखवत नाही. इंडोनेशियात व्हिसापेक्षा जास्त राहिलात तर दिवसाला १० लाख रुपिया दंड आहे, तेव्हा विमान रद्द झालं तर तसं पत्र घेऊन तिथल्या इमिग्रेशन कार्यालयात त्याच दिवशी जा. आणि परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी सत्यनारायण ठेवू नका, गुरुजींना आठवडाभरानंतरची तारीख द्या.